संग्रहाचे प्रकार : महानुभाव गद्याची रचना आणि संगणकभाषेतील संग्रहकल्पना

१

एकाच सामग्रीतून निरनिराळ्या प्रकारचे संग्रह सिद्ध होऊ शकतात, आणि संग्रहाचा प्रकार बदलला की त्या सामग्रीस कोणते प्रश्न विचारता येतील हेही बदलते. हा विचार संगणकभाषांच्या अभ्यासकांस गेली साठसत्तर वर्षे परिचित आहे. मराठीच्या अभ्यासकास मात्र त्याचे प्रत्यक्ष उदाहरण पुष्कळ जुन्या काळात, आणि तेही वऱ्हाडातच, सापडते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाच्या अनुयायांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी व वचने गोळा केली. त्या एकाच भांडारातून लीळाचरित्र, सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ असे तीन ग्रंथ निर्माण झाले. तिन्हींमध्ये वचने बव्हंशी त्याच पुरुषाची आहेत, परंतु तिन्हींची रचनातत्त्वे भिन्न आहेत.

या ग्रंथांचा विचार आजवर पंथेतिहास, तत्त्वज्ञान आणि भाषा या तीन अंगांनी झालेला आहे. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार संग्रहाचे प्रकार या दृष्टीने करावयाचा आहे. याला एक व्यावहारिक कारणही आहे. जुन्या मराठी ग्रंथांची संहिता यंत्रात भरण्याचे काम आता ठिकठिकाणी चालते, आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी अशा संहितेवर स्वतः लहानमोठ्या आज्ञावली चालवितात. त्या वेळी संग्रहाचा कोणता प्रकार निवडला यावर संहितेतील काय टिकेल आणि काय नकळत नाहीसे होईल, हे अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही. तो संहिताचिकित्सेचाही आहे.

२

प्रथम संगणकभाषेतील कल्पनांचा इतिहास थोडक्यात पाहू. १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत एकाच जातीच्या संख्यांची क्रमवार मांडणी, म्हणजे ॲरे, एवढाच संग्रह होता. तो गणितज्ञांच्या कोष्टकासारखा असून त्याचा आकार आधीच ठरवावा लागे. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेची उभारणी आरंभिली. तिच्या नावातच लिस्ट, म्हणजे सूची, हा शब्द आहे. तिच्यात सूची ही वाढणारी, घटणारी आणि आपल्या पोटात दुसऱ्या सूची सामावून घेणारी वस्तू झाली. संच ही कल्पना गणितात गेओर्ग कँटर यांच्या १८७४ पासूनच्या लेखनाने रूढ झाली होती. निकलाउस विर्थ यांच्या १९७० मधील पास्कल भाषेत ती मूळ प्रकार म्हणून आली, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात जॅक श्वार्ट्झ यांनी सेटएल ही भाषा तर संचाच्याच पायावर रचली.

तिसरी कल्पना शब्दकोशाची. कोशात आपण शब्द पाहतो आणि त्यासमोरचा अर्थ घेतो. कोशातील शब्दाचा अनुक्रमांक किती, हे कोणी विचारीत नाही. यंत्रात हेच साधण्याची युक्ती आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली. वस्तूच्या अक्षरांवर काही गणिती क्रिया करून एक अंक काढावयाचा आणि त्या अंकाने दर्शविलेल्या खणात ती वस्तू ठेवावयाची. पुढे शोधताना तीच क्रिया पुन्हा करून थेट त्याच खणाकडे जावयाचे. या रीतीस हॅश असे नाव मिळाले.

१९८० च्या स्मॉलटॉक भाषेत हे सर्व प्रकार एका कुटुंबात नांदू लागले : क्रमसंग्रह, संच, पिशवी आणि कोश. यांतील पिशवी म्हणजे असा समूह की ज्यात क्रम नाही, पण एकच वस्तू किती वेळा आली याची गणना आहे. १९९८ मध्ये जावा भाषेत संग्रहांची सुसंगत चौकट आली. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि आज विद्यार्थ्यांत सर्वाधिक रुळलेल्या पायथन भाषेत चार प्रकार प्रमुख आहेत : लिस्ट, ट्यूपल, सेट आणि डिक्शनरी. येथून पुढे यांस अनुक्रमे सूची, बद्धसूची, संच आणि कोश म्हणू.

यांच्यातील भेद तीन प्रश्नांनी उलगडतो. क्रमाला अर्थ आहे काय? पुनरुक्ती मान्य आहे काय? आणि संग्रह सिद्ध झाल्यावर त्यात फेरफार करता येतो काय? सूचीत क्रम आहे, पुनरुक्ती चालते, फेरफारही चालतो. बद्धसूचीत पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही. संचात क्रम नाही आणि पुनरुक्तीही नाही. तेथे एकच प्रश्न विचारता येतो, अमुक वस्तू येथे आहे की नाही. कोशात प्रत्येक किल्लीस एक मूल्य जोडलेले असते आणि किल्ली दोनदा येऊ शकत नाही.

३

आता रिद्धपूरकडे वळू. श्रीचक्रधरांचे उत्तरापंथे गमन १२७४ च्या सुमाराचे मानले जाते. त्यानंतर नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास आणि इतर शिष्य गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रिद्धपूर येथे राहू लागले. याच काळात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सामग्री गोळा केली. ज्यांनी चक्रधरांस प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून आणि भटोबासांकडून त्या पारखून घेऊन त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमाराचा धरतात.

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत, आणि ही विभागणी काळाची आहे. चक्रधर एकटे संचार करीत असतानाच्या लीळा एकांकात येतात. पुढील दोन भाग शिष्यपरिवार जमू लागल्यानंतरचे आहेत. प्रत्येक लीळेस स्थळ आहे, बहुधा प्रसंगी उपस्थित असलेली माणसे आहेत, आणि तिच्या मागेपुढे दुसरी लीळा आहे. अमुक शिष्य अद्याप आलेला नाही, अमुक गाव मागे पडले, हे कळावयाचे तर क्रमच हवा. म्हणून रचनेच्या दृष्टीने लीळाचरित्र ही सूची आहे. तीत एकच वचन दोन प्रसंगी उच्चारले गेले असल्यास ते दोनदा येणे युक्त आहे, कारण ते दोन स्वतंत्र प्रसंग आहेत. सूचीत दोन समान वस्तू त्यांच्या स्थानाने भिन्न राहतात.

सूचीचे सामर्थ्य क्रमात आहे, तसे तिचे वैगुण्यही क्रमातच आहे. एखादे वचन हवे असेल आणि त्याचे स्थान ठाऊक नसेल, तर पहिल्यापासून एकेक घटक पाहत जावे लागते. यंत्रालाही याहून निराळा मार्ग नाही. सूची दुप्पट झाली की शोधाचे श्रमही दुप्पट होतात. पाठांतर करणाऱ्यासही हाच अनुभव येतो. मध्येच एखादी ओळ आठवत नसेल तर तो आधीच्या ओळीपासून म्हणू लागतो.

४

चक्रधरांचे आचारधर्मविषयक किंवा मोक्षविषयक मत एकत्र पाहावयाचे असेल, तर काळक्रमाची सूची उपयोगी पडत नाही. ही गरज केसोबासांनी ओळखली. त्यांनी लीळांतील वचने प्रसंगातून वेगळी काढून विषयवार लाविली, हाच सूत्रपाठ. त्यात अन्यव्यावृत्ती, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतिपरी, महावाक्य आणि निर्वचन ही नऊ प्रकरणे असून आचार व विचार हे भाग आणि त्यांच्या मालिका आहेत.

येथे संग्रहाचा प्रकार बदलला. प्रकरणाचे नाव ही किल्ली झाली आणि त्याखालील सूत्रांची मालिका हे तिचे मूल्य झाले. संगणकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा कोश आहे, आणि त्यातील प्रत्येक मूल्य स्वतः एक सूची आहे. जिज्ञासूस आता संहाराविषयी काय सांगितले आहे ते एके ठिकाणी मिळू लागले. परंतु त्यासाठी एक किंमत द्यावी लागली. वचन कोणास उद्देशून होते, कोणत्या गावी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल होते, हे सर्व सुटून गेले. सूत्र आटोपशीर असते. प्रसंग गेला की त्याचा अर्थ अनेक दिशांनी घेता येतो. ज्या पंथात वचन हेच प्रमाण, तेथे ही हानी क्षुल्लक नव्हती.

यावर पंथाने जो उपाय केला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रकरणवश या नावाचा एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच निर्माण झाला. सूत्र घ्यावयाचे आणि ते कोणत्या लीळेतले, कोणत्या प्रसंगाने निघाले, ते सांगावयाचे, एवढेच त्याचे कार्य. म्हणजे एका बाजूस काळक्रमाची सूची, दुसऱ्या बाजूस विषयवार कोश, आणि दोहोंस जोडणारा तिसरा कोश, ज्याची किल्ली सूत्र आणि मूल्य प्रसंग. आजच्या विदासंचयाच्या रचनेत मूळ नोंदी एकदाच ठेवून त्यांच्याकडे बोट दाखविणाऱ्या अनेक अनुक्रमणिका करतात, ती कल्पना येथे पूर्णत्वाने दिसते. यंत्राच्या कल्पनेचे बीज महानुभावांनी पेरले, असे मात्र यातून सुचवावयाचे नाही. दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. साम्य आहे ते गरजेचे. मोठी सामग्री, अनेक प्रकारचे प्रश्न आणि मूळ हरवू न देण्याची चिंता, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे याच रचना पुनःपुन्हा उदयास येतात.

५

केसोबासांचाच दृष्टांतपाठ हा तिसरा प्रकार. त्यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची घडण तीन अंगांची : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची जी कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे, ती या पाठातही आहे. एकाच्या हाती सोंड, दुसऱ्याच्या हाती कान, तिसऱ्याच्या हाती पाय लागतो, आणि जो तो आपल्या हाती लागले तेवढ्यालाच हत्ती म्हणतो. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे. त्यांचा मेळ घालून दाखविणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे.

तीन अंगे, ठरलेला क्रम, एकाचेही स्थान बदलावयाचे नाही. ही बद्धसूची होय. बद्धसूचीत स्थान हाच अर्थ असतो. पहिल्या जागी जे आहे ते सूत्र, कारण ते पहिल्या जागी आहे. सूचीत एकाच प्रकारच्या अनेक वस्तू असतात. बद्धसूचीत बहुधा निरनिराळ्या प्रकारच्या थोड्या वस्तू असतात. दृष्टांतपाठ हा समग्र ग्रंथ म्हणून अशा बद्धसूचींची सूची ठरतो.

येथे अपरिवर्तनीयतेचा प्रश्न येतो. पायथनमध्ये सूची ही कोशाची किल्ली होऊ शकत नाही, बद्धसूची होऊ शकते. यामुळे विद्यार्थी नेहमी गोंधळतात, पण कारण सरळ आहे. किल्लीच्या अक्षरांवरून खणाचा अंक काढलेला असतो. किल्ली आत ठेवल्यावर तिच्यातील एक अक्षर जरी बदलले तरी अंक निराळा येईल आणि मूल्य ज्या खणात आहे तेथे आपण कधीच पोहोचणार नाही. म्हणून ज्याने ओळख पटवावयाची, ते स्वतः अढळ असले पाहिजे. प्रकरणवशात सूत्र किल्ली होऊ शकले ते याच कारणाने. सूत्र म्हणजे ईश्वरमुखीचे वचन. त्याच्या शब्दांस हात लावावयाचा नाही, ही पंथाची निष्ठा होती. लीळेचे निवेदन मात्र सांगणाऱ्याच्या शब्दांत असल्याने त्यात भेद संभवतो, आणि म्हणून निवेदनाच्या शब्दांवरून लीळा ओळखणे भरवशाचे नाही.

संच या प्रकाराचे उदाहरण पंथाच्या काव्यपरंपरेत मिळते. साती ग्रंथ म्हणून जी सात काव्ये मान्य आहेत ती अशी : रुक्मिणीस्वयंवर, शिशुपालवध, उद्धवगीता, वछाहरण, ज्ञानप्रबोध, सह्याद्रिवर्णन आणि ऋद्धिपुरवर्णन. यांतील ज्ञानप्रबोधाचे कर्ते विश्वनाथ बाळापूरकर यांच्या नावात आजच्या अकोला जिल्ह्यातील बाळापूर आहे, तर शेवटच्या काव्याचा विषयच रिद्धपूर आहे. साती ग्रंथ ही संज्ञा उच्चारली की प्रश्न एवढाच असतो, अमुक काव्य त्यांत आहे की नाही. नावे कोणत्याही क्रमाने घेतली तरी साती ग्रंथ तेच राहतात, आणि एकाचे नाव दोनदा घेतल्याने ते आठ होत नाहीत.

६

आता ज्या प्रश्नासाठी हे विवेचन केले त्याकडे येऊ. लीळाचरित्राची मूळ प्रत यादवसत्तेच्या पडत्या काळातील धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. त्यामुळे ग्रंथाचे अनेक पाठ झाले. हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास ही नावे या पाठांशी जोडलेली आहेत. पोथ्यांमध्ये लीळांचा क्रम सर्वत्र सारखा नाही, संख्या सारखी नाही आणि एकाच लीळेचे शब्दही सारखे नाहीत. यशवंत खुशाल देशपांडे यांनी यवतमाळास महानुभाव वाङ्मयाचा पाया घातलेला अभ्यास, हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात नागपूरहून आरंभिलेले प्रकाशन, शं. गो. तुळपुळे यांची १९६० च्या दशकातील आवृत्ती, वि. भि. कोलते यांची १९७८ ची बृहत् आवृत्ती, या सर्वांस याच प्रश्नाशी झुंजावे लागले.

जुन्या लेखकांनी हा भेद कसा सांभाळला ते पाहण्यासारखे आहे. पाठभेदास पोथ्यांत वासना म्हणतात. लीळेच्या ओघातच, अमुक शब्द अमुक याच्या मते असा आहे, असे त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी नोंदविलेले आढळते. म्हणजे एका लीळेसमोर एकच मूल्य ठेवलेले नाही. सांगणाऱ्याच्या नावासह अनेक मूल्यांची सूची ठेवलेली आहे. कोणाची आठवण खोटी ठरवून पुसून टाकावयाची नाही, हा विवेक त्यामागे आहे.

आता असे समजा की एका विद्यार्थ्याने चार पोथ्यांतील लीळा यंत्रात भरल्या आणि लीळेचे नाव ही किल्ली, संहिता हे मूल्य, असा साधा कोश केला. पहिल्या पोथीतील लीळा भरली. दुसऱ्या पोथीतील त्याच नावाची लीळा भरताच पहिली संहिता पुसली गेली. तिसरीने दुसरी, चौथीने तिसरी पुसली. यंत्र कोणतीही चूक दाखविणार नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे काहीच चुकलेले नाही. अखेरीस हाती राहील ती चौथी पोथी, आणि विद्यार्थ्याची समजूत मात्र चारही हाती असल्याची असेल.

दुसऱ्याने लीळांची नावे संचात भरली. कोणत्या लीळा कोणत्या पोथीत नाहीत हे शोधण्यास संच उत्तम साधन आहे. दोन संचांची वजाबाकी करताच उत्तर मिळते. परंतु क्रमभेदाचा सारा पुरावा तेथे गेला, आणि एकाच नावाच्या दोन भिन्न लीळा असल्यास त्या एक होऊन बसल्या. पायथनच्या कोशात भरतीचा क्रम टिकतो ही हमी २०१८ मधील ३.७ या आवृत्तीपासून भाषेनेच दिलेली आहे; संचास अशी हमी नाही.

भाषाभ्यासकाचे उदाहरण याहून सोपे आहे. म्हणितले हे क्रियारूप लीळाचरित्रात पदोपदी येते. सर्व शब्द संचात घातले तर ते एकदाच दिसेल. ग्रंथाचा शब्दसंग्रह किती, एवढ्यास ते पुरे. पिशवीत घातले तर ते किती वेळा आले हे कळेल, आणि वारंवारतेचा अभ्यास करता येईल. ते कोणत्या शब्दानंतर येते, वाक्यारंभी येते की वाक्यान्ती, हे पाहावयाचे असल्यास सूचीवाचून गत्यंतर नाही. आणि प्रत्येक शब्दासमोर त्याच्या सर्व स्थानांची सूची हवी असेल, तर सूची हे मूल्य असलेला कोश लागेल, ज्यास आपण शब्दस्थानसूची म्हणतो. चारही संग्रहांत शब्द तेच आहेत. प्रश्न भिन्न आहेत. यातून एक साधा नियम निघतो : सूचीतून पिशवी, पिशवीतून संच केव्हाही करता येतो, संचातून सूची परत मिळविता येत नाही. म्हणून मूळ संहिता नेहमी सर्वांत समृद्ध प्रकारात ठेवावी आणि बाकीचे संग्रह तिच्यातून गरजेनुसार काढावेत.

७

सारांश, संग्रहाचा प्रकार म्हणजे सामग्रीविषयी केलेले एक विधान असते. सूची म्हणते, क्रमाला अर्थ आहे. संच म्हणतो, केवळ अस्तित्वाला अर्थ आहे. कोश म्हणतो, या नावासमोर हेच आहे. बद्धसूची म्हणते, हे आता बदलावयाचे नाही. ही विधाने संहितेविषयी खरी आहेत की नाहीत, हे यंत्र तपासीत नाही. ते अभ्यासकानेच ठरवावयाचे असते.

पाठभेद असलेल्या ग्रंथासाठी किमान व्यवस्था अशी असावी. प्रत्येक पोथी ही स्वतंत्र सूची ठेवावी, म्हणजे तिचा क्रम अबाधित राहील. प्रत्येक लीळेस संहितेबाहेरचा, कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा. किल्ली तोच असावा, लीळेचे नाव नव्हे. त्या क्रमांकासमोर पोथीचे नाव आणि संहिता अशा जोड्यांची सूची असावी. ही व्यवस्था नवी वाटली तरी तिचे मर्म जुनेच आहे : केसोबासांच्या परंपरेने सूत्रास प्रसंग पुन्हा जोडून दिला, आणि पोथी लिहिणाऱ्यांनी वासनेस सांगणाऱ्याचे नाव जोडून ठेवले. रिद्धपूर येथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत या संहितांवर जे काम होईल, त्यात यंत्राची गती असेलच. नावानिशी भेद राखण्याची ही शिस्तही असली, तर सातशे वर्षे जपलेले भेद एका आज्ञेसरशी पुसले जाण्याचे भय उरणार नाही.